कर्जाच्या हप्त्याचें गणित

पुणें जिल्ह्यांतील त्या वेळच्या भीमथडी तालुक्यांत सुपें हें बाजाराचें गांव. १८७५ सालच्या मे महिन्याच्या १२ तारखेस आसपासच्या खेड्यांतील शेतकरी तेथें जमले आणि त्यांनीं सावकारांच्या घरांवर व दुकानांवर हल्ला केला. दंगा म्हटला म्हणजे लूटमार आलीच. पण या दंग्याचा विशेष निराळा होता. जमावाची मुख्य मागणी अशी होती कीं, कर्जरोखे आणि हिशेबाच्या वह्या बाहेर काढा. जे कागद हातीं लागले ते तेथल्या तेथें जाळण्यांत आले. हें लोण पुढें नगर जिल्ह्यांत पसरलें, तीसांहून अधिक गांवांना त्याची झळ लागली, आणि इतिहासांत या घटनेला ‘दख्खनचे दंगे’ असें नांव पडलें.

पैसा सोडून कागदावरच एवढा राग कां? या प्रश्नाचें उत्तर शोधूं गेल्यास तें राजकारणाइतकेंच अंकगणितांत सांपडतें. अमेरिकेंतील यादवी युद्धाच्या काळांत, म्हणजे १८६१ ते १८६५ पर्यंत, येथील कापसाला सोन्याचा भाव आला होता आणि शेतकऱ्याला कर्ज मागण्यापूर्वींच मिळत होतें. युद्ध संपलें, भाव कोसळले, नव्या पाहणींत जमिनीचा सारा मात्र वाढला. कर्ज थकूं लागलें. त्यांतच १८५९ च्या मुदतीच्या कायद्यानें कर्जरोख्याचें आयुष्य तीन वर्षांचें ठरविलें होतें. ऋणकोला जुन्या देण्याच्या ओझ्यांतून सोडवावें हा त्या कायद्याचा हेतु. परिणाम उलटा झाला. तीन वर्षें भरत आलीं कीं सावकार नवा रोखा लिहून घेई, थकलेलें व्याज मुद्दलांत घाली, आणि पुढचें व्याज त्या फुगलेल्या मुद्दलावर चालूं होई. शेतकरी त्याखालीं नांगराची निशाणी करी. वर मोडींत काय लिहिलें आहे तें त्याला वाचतां येत नसे, आणि कोणीं वाचून दाखविलें तरी त्यांतला आंकडा कसा आला हें कळत नसे.

हा आंकडा कसा येतो तें एका कल्पित उदाहरणानें पाहतां येईल. शंभर रुपयांचें कर्ज आहे आणि दर रुपयास दरमहा दोन पैसे व्याज आहे असें समजावें. दोन पैसे म्हणजे कांहींच नाहीं असें ऐकणाऱ्यास वाटतें. पण जुन्या चलनांत रुपयाचे चौसष्ट पैसे. तेव्हां हा दर सालीना दरशेंकडा साडेसदतीस रुपये होतो. तीन वर्षांत एकशें साडेबारा रुपये व्याज झालें. तें मुद्दलांत गेलें कीं नवा रोखा २१२ रुपये ८ आण्यांचा. सहा वर्षांनीं तोच रोखा सुमारें ४५१ रुपयांचा, नऊ वर्षांनीं ९५९ रुपयांचा, आणि बारा वर्षांच्या अखेरीस २,०३९ रुपयांचा होतो. हेंच व्याज सरळ धरलें असतें तर बारा वर्षांनीं देणें ५५० रुपये झालें असतें. आणि व्याज कधींहि मुद्दलाहून अधिक होऊं नये, हा आपल्या धर्मशास्त्रांतला दामदुपटीचा नियम खऱ्या अर्थानें पाळला असता तर तें २०० रुपयांवरच थांबलें असतें. एकच कर्ज, एकच दर, तेवढींच वर्षें. पण हिशेबाच्या तीन रीतींनीं तीन उत्तरें. दामदुपटीच्या नियमाला बगल देण्यास नवा रोखा पुरेसा होता, कारण कालचें व्याज त्यांत आजचें मुद्दल म्हणून अवतरत असे. दंग्यांच्या चौकशीसाठीं नेमलेल्या कमिशननें आपल्या अहवालांत शंभर रुपयांच्या कर्जावर दोन हजारांहून अधिक व्याज आकारल्याचें एक उदाहरण नोंदलें आहे. वरील गणित पाहिल्यावर तें अशक्य वाटत नाहीं.

सुप्याच्या बाजारांत जळाले ते कागद ऋणकोला तपासतां न येणाऱ्या हिशेबाचे होते. कर्जाच्या हिशेबाचा इतिहास पाहूं गेल्यास हा प्रश्न पुनःपुन्हां समोर येतो: हिशेब कोणाला करतां येतो, आणि कोणाला तो केवळ मान्य करावा लागतो?

हें गणित मुळांत फार जुनें आहे. पॅरिसच्या लूव्र संग्रहालयांत बाबिलोनमधील एक मातीची वीट आहे. सुमारें पावणेचार हजार वर्षांपूर्वींच्या त्या विटेवर असा प्रश्न घातला आहे कीं, सालीना शेंकडा वीस दरानें व्याजावर व्याज चढत गेल्यास रक्कम दुप्पट होण्यास किती काळ लागेल? उत्तर दिलें आहे: चार वर्षांना सुमारें अडीच महिने कमी. आजच्या काटेकोर रीतीनें काढलेल्या उत्तरांत आणि या उत्तरांत पांच-सहा दिवसांचाच फरक पडतो. त्याच भूमींत हम्मुराबीच्या संहितेंतील ४८ वें कलम सांगतें कीं, पुरानें किंवा अवर्षणानें पीक बुडालें तर त्या वर्षीं ऋणकोनें धनकोला धान्य देऊं नये, आपली कर्जाची वीट पाण्यानें पुसावी, आणि त्या वर्षाचें व्याजहि देऊं नये. व्याजाचें गणित आणि त्याला आवर घालणारा कायदा यांचा जन्म असा एकाच संस्कृतींत झालेला दिसतो.

आपल्या देशांतहि व्याज हा गणिताचा एक आवडता विषय होता. इसवी सन ४९९ मध्यें आर्यभटानें एक प्रश्न सोडविला: एका रकमेवर महिन्याचें जें व्याज आलें तेंच त्याच दरानें पुन्हां उसनें दिलें, ठराविक काळानें व्याज व व्याजावरील व्याज मिळून अमुक रक्कम झाली, तर मूळ व्याज किती? यासाठीं वर्गसमीकरण सोडवावें लागतें, आणि आर्यभटानें त्याची रीत दिली आहे. नवव्या शतकांत राष्ट्रकूट राजा अमोघवर्ष याच्या काळीं महावीराचार्यानें ‘गणितसारसंग्रह’ लिहिला. त्यांत व्याजाला मोठें स्थान असून कर्ज हप्त्याहप्त्यांनीं फेडण्याचीं उदाहरणेंहि आहेत.

११५० सालीं लिहिलेल्या ‘लीलावती’त भास्कराचार्यानें पंचराशिक समजावून सांगतांना घेतलेलें उदाहरण प्रसिद्ध आहे. शंभरास एका महिन्यांत पांच व्याज, तर सोळांस एका वर्षांत किती? उत्तर नऊ आणि तीन पंचमांश. गणित सोपें आहे. पण दर मात्र सालीना शेंकडा साठ! दुसऱ्या एका उदाहरणांत चौऱ्याण्णव निष्कांचे तीन भाग केले आहेत. ते दरमहा शेंकडा पांच, तीन आणि चार या दरांनीं अनुक्रमें सात, दहा आणि पांच महिने व्याजीं लावले, आणि तिन्हींवर सारखेंच व्याज आलें. भाग किती किती? चोवीस, अठ्ठावीस आणि बेचाळीस. प्रत्येकावर आठ पूर्णांक दोन पंचमांश व्याज येतें. येथें व्याजावरून मुद्दलाकडे उलट जावयाचें आहे, आणि कर्जाच्या व्यवहारांत खरी अक्कल लागते ती अशा उलट प्रवासालाच. भास्कराचार्याच्या ग्रंथांचा अभ्यास चालावा म्हणून त्याचा नातू चांगदेव यानें खानदेशांत चाळीसगांवजवळ पाटण येथें मठ स्थापिला. त्याचा १२०७ सालचा शिलालेख डॉ. भाऊ दाजी यांनीं उजेडांत आणला. तात्पर्य, ज्या मुलखांतला शेतकरी रोख्यावरचा आंकडा वाचूं शकला नाहीं, त्याच मुलखांत साडेसहाशें वर्षांपूर्वीं व्याजाचें गणित शिकविण्याची सोय झालेली होती. विद्या होती, ती सर्वांच्या दारापर्यंत पोंचली नव्हती.

समान हप्त्यांनीं कर्ज फेडण्याचा जो प्रकार आज घराघरांत परिचित झाला आहे, त्याचा एक स्पष्ट नमुना सोळाव्या शतकांत फ्रान्समध्यें सांपडतो. राजा दुसरा हेन्री युद्धांसाठीं कर्ज काढीत असे, आणि लियों शहरांत वर्षांतून चार वेळां भरणाऱ्या जत्रा या त्या कर्जव्यवहाराच्या पेठा होत्या. १५५५ सालीं राजानें आपलीं जुनीं देणीं एकत्र करून सावकारांपुढें एक नवी योजना मांडली. दर जत्रेस शेंकडा चार व्याज आणि मुद्दल वेगळें, असा चालू दर होता. नव्या योजनेंत दर जत्रेस शेंकडा पांच द्यावयाचे आणि एकेचाळीस जत्रा झाल्या कीं व्याज व मुद्दल सर्व फिटलें असें समजावयाचें. झां त्रांशां नांवाच्या गणितीनें १५५८ च्या आपल्या अंकगणितांत हाच प्रश्न विचारला: धनकोच्या दृष्टीनें यांतली कोणती अट अधिक चांगली?

या प्रश्नाच्या पोटांत हप्त्याचें सर्व तत्त्व आहे. आज हातांत असलेला रुपया आणि वर्षानें मिळणारा रुपया हे सारख्या मोलाचे नव्हेत. व्याजाचा दर सालीना शेंकडा दहा असेल तर वर्षानंतरचे एकशें दहा रुपये हे आजच्या शंभरांच्या बरोबरीचे. म्हणून पुढें मिळणाऱ्या प्रत्येक हप्त्याला त्याच्या मुदतीप्रमाणें कमी करून त्याचें आजचें मोल काढावयाचें, आणि या सर्व मोलांची बेरीज कर्जाच्या रकमेइतकी आली म्हणजे हप्ता बरोबर ठरला. दहा टक्क्यांनीं घेतलेले शंभर रुपये दोन समान वार्षिक हप्त्यांनीं फेडावयाचे असतील तर हप्ता ५७ रुपये ६२ पैसे येतो. पडताळा सोपा आहे. वर्षानें देणें ११० झालें. हप्ता वजा जातां ५२.३८ उरले, त्यावर पुढच्या वर्षीं ५.२४ व्याज चढून पुन्हां ५७.६२ झाले, दुसऱ्या हप्त्यानें देणें संपलें. याच रीतीनें लियोंच्या योजनेचें मोल काढल्यास शंभराऐवजीं ९९.९७ येतें. म्हणजे धनकोच्या बाजूनें जुनी अट अगदीं किंचित् सरस. पण अंतर इतकें सूक्ष्म कीं, एकेचाळीस हा आंकडा गणित करूनच निवडलेला होता याविषयीं शंका राहत नाहीं. गणित चोख होतें, राजाची पत मात्र तशी नव्हती; थोड्याच वर्षांत हप्ते थकले आणि धनकोंचे हाल झाले.

एकेचाळीस हप्त्यांचें मोल हातानें काढणें म्हणजे एकेचाळीस भागाकार. म्हणून पेढीवाल्यांनीं पूर्वींच तयार कोष्टकें करून ठेविलीं होतीं. फ्लॉरेन्सच्या पेगोलोत्ती या व्यापाऱ्याच्या चौदाव्या शतकांतील हस्तलिखितांत एक ते आठ टक्क्यांपर्यंतचीं चक्रवाढीचीं कोष्टकें आहेत. पण तो ग्रंथ छापला गेला अठराव्या शतकांत. मधल्या काळांत अशीं कोष्टकें ज्यांच्यापाशीं असत ते तीं गुप्त धनासारखीं जपत. १५८२ सालीं सायमन स्टेव्हिन यानें अँटवर्प येथें व्याजाचीं कोष्टकें छापून प्रसिद्ध केलीं तेव्हां, हीं कोष्टकें लोक मोठें गुपित म्हणून दडवून ठेवतात, अशी नोंद त्यानें प्रस्तावनेंतच केली. पेढीवरचा कारकून आणि दारीं आलेला गिऱ्हाईक या दोघांनाहि आतां एकच पान उघडून पाहतां येऊं लागलें. १६१३ सालीं लंडनमध्यें रिचर्ड विट यानें चक्रवाढ व्याजावर स्वतंत्र पुस्तक काढलें, आणि पुढच्याच वर्षीं नेपियरनें लॉगरिथम प्रसिद्ध करून लांबलचक गुणाकार-भागाकारांचें काम बेरीज-वजाबाकीवर आणून ठेविलें.

महाराष्ट्रांतहि हिशेबाची एक कसदार परंपरा होती. पंतोजींच्या शाळेंत मुलें पावकी, निमकी, पाउणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि औटकी घोकीत. व्यापाऱ्याचा मुलगा महिन्यांचें, दिवसांचें आणि आण्या-पैंचें व्याज कागदाला हात न लावतां तोंडानें सांगे. पण ही विद्या पेठेची होती, रानाची नव्हती. दंग्यांनंतर सरकारनें १८७९ सालीं दख्खनच्या शेतकऱ्यांना साहाय्य देणारा कायदा केला आणि तो पुणें, सातारा, सोलापूर व अहमदनगर या जिल्ह्यांना लागू केला. त्यांतील मुख्य कल्पना महत्त्वाची आहे. न्यायाधीशानें रोख्यावर लिहिलेल्या आंकड्यापाशीं थांबूं नये. व्यवहाराच्या आरंभापर्यंत मागें जाऊन हिशेब नव्यानें मांडावा. व्याजावर व्याज धरूं नये. आणि निघेल तें देणें हप्त्यांनीं फेडण्याची सवलत द्यावी. दिलेल्या पैशाची पावती मागण्याचा हक्कहि ऋणकोस मिळाला. म्हणजे जो हिशेब शेतकऱ्याला स्वतः करतां येत नव्हता, तो त्याच्यासाठीं कोर्टानें करावा अशी ही व्यवस्था होती.

याहून मूळाशीं जाणारा उपाय जोतीराव फुले यांनीं सुचविला. १८८२ सालीं हंटर आयोगापुढें ठेवलेल्या निवेदनांत त्यांनीं बहुजनांच्या प्राथमिक शिक्षणाचा आग्रह धरला, आणि त्या शिक्षणांत काय असावें हें सांगतांना मोडी व बालबोध वाचन-लेखनाच्या जोडीला हिशेबाचें नांव घेतलें. रोखा मोडींत असे आणि फसवणूक हिशेबांत. हें ध्यानांत घेतलें म्हणजे त्या दोन साध्या शब्दांचें वजन कळतें. पुढें १९०४ मध्यें सहकारी पतपेढ्यांचा कायदा झाला, १९४६ मध्यें मुंबई प्रांतांत सावकारीवर निर्बंध घालणारा कायदा झाला, आणि खेड्यांतील कर्जाचें रूप हळूहळू बदलत गेलें.

शहरांतील मध्यमवर्गाशीं हप्त्याचा संबंध आला तो घराच्या निमित्तानें. इंग्लंडांत १७७५ च्या सुमारास बर्मिंगहॅम येथें कांहीं मंडळींनीं दरमहा वर्गणी जमवून आळीपाळीनें घरें बांधण्याची संस्था काढली. अमेरिकेंत १९३० पूर्वीं घराचें कर्ज बहुधा थोड्या वर्षांचें असे. मधल्या काळांत व्याज द्यावयाचें आणि मुदतीअखेर मुद्दल एकरकमी. मंदी आली तेव्हां हें एकरकमी मुद्दल कोणालाच उभें करतां येईना आणि हजारों घरें लिलांवांत गेलीं. त्यानंतर १९३४ सालच्या गृहविषयक कायद्यानें दीर्घ मुदतीच्या, समान मासिक हप्त्यांच्या कर्जाला सरकारी हमीचा आधार दिला आणि ती पद्धत रूढ झाली. भारतांत १९७७ सालीं हसमुखभाई पारेख यांनीं मुंबईंत घरबांधणीच्या कर्जासाठीं खासगी क्षेत्रांत स्वतंत्र संस्था स्थापन केली, आणि पुढच्या पिढींत ‘ईएमआय’ हीं तीन अक्षरें मराठी घरांतहि रोजच्या बोलण्यांत आलीं.

पण हप्ता ठरवावा कसा? तोंवर ही कोष्टकें कर्ज देणाऱ्याच्या टेबलाच्या खणांत असत. कारकून दराचें पान उघडी, मुदतीच्या रकान्यांतला आंकडा कर्जाच्या रकमेनें गुणी, आणि उत्तर सांगे. छापील असलीं तरी तीं गिऱ्हाइकाच्या खिशांत नव्हतीं. ही स्थिति बदलली १९७३ सालीं. आदल्या वर्षीं अमेरिकेंतील ह्यूलेट-पॅकार्ड कंपनीनें एंजिनियरांसाठीं खिशांत मावणारें वैज्ञानिक गणकयंत्र काढलें होतें. आतां तिनें एचपी-८० हें व्यापारी हिशेबाचें यंत्र काढलें. किंमत ३९५ डॉलर, म्हणजे त्या काळीं सामान्य माणसाच्या आवांक्याबाहेरची. १९८१ सालीं त्याच कंपनीचें एचपी-१२सी आलें, आणि तें पुढें चाळीस वर्षांहून अधिक काळ जवळजवळ त्याच स्वरूपांत विकलें गेलें. ज्या धंद्यांत दरवर्षीं नवें यंत्र येऊन जुनें अडगळींत जातें, त्या धंद्यांत ही गोष्ट विरळाच म्हणावी लागेल.

या यंत्राचें मर्म पांच कळांत आहे: हप्त्यांची संख्या, प्रत्येक हप्त्याच्या मुदतीचा व्याजदर, आजची रक्कम, हप्ता, आणि शेवटीं उरणारी रक्कम. यांपैकीं चार सांगितल्या कीं पांचवी यंत्र काढून देतें. एक लाख रुपयांचें कर्ज, सालीना १२ टक्के व्याज, आणि वीस वर्षांची मुदत घ्यावी. वीस वर्षांचे महिने २४० ही हप्त्यांची संख्या. बारा टक्के भागिले बारा महिने, म्हणून दर १. आजची रक्कम १,००,०००. शेवटीं उरावयाची रक्कम शून्य. हप्त्याची कळ दाबतांच १,१०१.०९ हें उत्तर येतें, आणि त्यामागें उणें चिन्ह असतें. नवख्यास तें चूक वाटतें. पण त्याचा अर्थ इतकाच कीं, कर्जाची रक्कम हातांत आली म्हणून ती अधिक, आणि हप्ता हातांतून जावयाचा म्हणून तो उणा. देव-घेवीच्या खतावणींतील जमा आणि नांवें या दोन बाजूच यंत्रानें चिन्हांत उतरविल्या आहेत.

हप्ता कळला एवढ्यानें काम संपत नाहीं. खरी उकल त्यापुढें होते. पहिल्या महिन्याच्या ११०१ रुपयांपैकीं हजार रुपये व्याजाचे असतात. मुद्दल फिटतें तें १०१ रुपये ९ पैसे. दरमहा व्याजाचा भाग थोडा घटतो आणि मुद्दलाचा थोडा वाढतो, पण आरंभीं ही चाल मुंगीची असते. पंधरा वर्षें नेमानें हप्ते भरणाऱ्या गृहस्थानें एकूण १,९८,००० रुपयांहून अधिक दिलेले असतात, आणि तरीहि मूळ लाखांपैकीं सुमारें ४९,५०० रुपये देणें बाकी असतें. येथें कोणी लबाडी केलेली नाहीं. हा चक्रवाढीचा स्वभाव आहे. मुदत वीसऐवजीं दहा वर्षांची ठेविली तर हप्ता १,४३४.७१ होतो. दरमहा ३३४ रुपये अधिक. पण एकूण भरणा २,६४,००० वरून १,७२,००० वर येतो. हे आंकडे कर्जावर सही करण्यापूर्वीं समोर असणें आणि पंधरा वर्षांनंतर कळणें यांत संसाराचा केवढा फरक आहे हें निराळें सांगावयास नको.

हिशेबाच्या रीतींतील लहानसा फरकहि यंत्र उघड करतें. पूर्वीं पुष्कळ ठिकाणीं गृहकर्जाचें व्याज वार्षिक शिलकेवर धरीत; म्हणजे दरमहा भरलेलें मुद्दल वर्ष संपेपर्यंत भरलेलेंच नाहीं असें मानीत. त्या रीतीनें वरच्याच कर्जाचा हप्ता १,११५.६६ येतो. दर तोच, मुदत तीच; पण वीस वर्षांत साडेतीन हजार रुपये जास्त. याहून मोठा फसवा प्रकार म्हणजे सपाट दर. लाख रुपये एका वर्षासाठीं ‘सपाट बारा टक्क्यांनीं’ दिले, म्हणून १,१२,००० चे बारा हप्ते, प्रत्येकीं ९,३३३ रुपये. ऐकावयास हें रास्त वाटतें. परंतु ऋणकोपाशीं पूर्ण लाख रुपये असतात ते एकच महिना. पुढें दरमहा रक्कम घटत जाते आणि व्याज मात्र शेवटपर्यंत पूर्ण लाखावर. यंत्राला हप्ता सांगून दर विचारला तर तें महिन्यास १.७९ च्या जवळचें, म्हणजे सालीना साडेएकवीस टक्क्यांच्या आसपासचें उत्तर देतें. खरोखर बारा टक्के असते तर हप्ता ८,८८४.८८ आला असता.

दराचा हा शोध यंत्रालाहि सोपा नाहीं. हप्ता काढण्यास सूत्र आहे. हप्त्यांची संख्या मोठी असतां दर काढण्यास तसें सरळ सूत्र नाहीं. म्हणून यंत्र एक दर कल्पितें, त्यानें हिशेब करून पाहतें, चूक किती पडली तें मोजून दर सुधारतें, आणि चूक नाहींशी होईपर्यंत हा क्रम चालवितें. तेवढा क्षणभर त्याच्या कांचेवर काम चालूं असल्याची सूचना दिसते. इष्ट संख्या धरून उत्तराकडे जाण्याची जी रीत ‘लीलावती’त इष्टकर्म म्हणून सांगितली आहे, तिच्याशीं या युक्तीचें नातें आहे, तेथें एका इष्टानें भागतें, येथें अनेक वेळां सुधारावें लागतें.

अर्थात् यंत्र शहाणें नसतें. मासिक दराच्या जागीं कोणीं वार्षिक १२ घातले तर वीस वर्षांच्या त्याच कर्जाचा हप्ता तें निमूटपणें १२,००० सांगेल आणि ‘अहो, हें कसें?’ असें विचारणार नाहीं. कर्जांतून आधींच कापून घेतलेलें शुल्क आणि बळेंच गळ्यांत मारलेला विमा यांचीहि त्याला दाद नसते. हातांत एक लाख न येतां सत्त्याण्णव हजारच आले असतील तर आजच्या रकमेच्या कळेपाशीं सत्त्याण्णव हजारच मांडले पाहिजेत. तेव्हांच खरा दर दिसेल. हें मांडण्याची समज माणसाचीच असावी लागते. रिझर्व्ह बँकेनें २०२४ सालीं फर्मावलें कीं, किरकोळ कर्ज देणाऱ्या बँकांनीं व वित्तसंस्थांनीं करारापूर्वीं ऋणकोला मुख्य तथ्यांचें पत्रक द्यावें, आणि त्यांत सर्व शुल्कें धरून येणारा वार्षिक दर व हप्त्यांचें वेळापत्रक दाखवावें. १ ऑक्टोबर २०२४ पासून होणाऱ्या नव्या कर्जांना हा नियम लागू झाला. १८७९ च्या कायद्यानें जें काम तंटा कोर्टांत गेल्यानंतर न्यायाधीशावर सोंपविलें होतें, तें आतां सहीच्या आधीं ऋणकोच्या हातांत आलें आहे.

आतां तर निराळें यंत्र विकत घेण्याचीहि गरज उरलेली नाहीं. तीं पांच कळांचीं गणितें हातांतल्या मोबाइलवर होतात. स्टेव्हिनच्या काळीं जें गुपित होतें तें आज फुकट मिळतें. तरी पत्रकाचें तें पान न वाचतां सही करणारे आजहि आहेत, आणि दर विचारला असतां ‘हप्ता किती बसेल तेवढें पाहा’ असें गोड उत्तर देणारेहि आहेत. हप्ता झेपेल कीं नाहीं हा एक प्रश्न; कर्ज कितीला पडलें हा दुसरा. पहिल्याचें उत्तर समोरचा मनुष्य आनंदानें देतो, दुसऱ्याचें स्वतः काढावें लागतें.

सुप्याच्या शेतकऱ्यापाशीं तें काढण्याचें साधन नव्हतें, म्हणून त्यानें कागदाला आग लावली. आगीनें रोखे जळाले, पण शंभराचे दोन हजार कसे झाले तें त्याला त्या दिवशींहि कळलें नसेल. आज पांच आंकड्यांत तें कळूं शकतें. सही करण्यापूर्वींचीं दहा मिनिटें त्या पांच आंकड्यांना देणें, एवढेंच काम ऋणकोकडे उरलें आहे.